वाजेल असा मासा

इंद्रभानच्या लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं, म्हणजे ते त्रेसष्ट साल. अमडापुरातल्या घराच्या परसात, चुलीपुढे, त्याची बायको कोकिळा घामाघूम होऊन बसली होती. कढईत मासा अंगावरचं पांघरूण टाकून उघडा पडला होता. पीठ एकीकडे, तुकडा दुसरीकडे.

सासू केसरबाई आत बाजेवर होती. आठ दिवसांपूर्वी चिखलीच्या डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं, त्याचा अर्थ सगळ्यांना कळला होता. मोतीबिंदूने डोळे आधीच गेले होते. सासरे हिंमतराव तेव्हापासून बाजेजवळ भिंतीला टेकून बसून असत. तेही वाळत चालले होते, पण घराचं सारं लक्ष बाजेकडे होतं.

सकाळी केसरबाई म्हणाली होती, "मासा खाऊ वाटते. रस्सा नको. पिठात बुडवून तळेल, भुसावळच्या हाटेलात भेटते तसा. असा कडक, का दाताखाली वाजला पाह्यजे."

इंद्रभानने भोयाकडून मरळ आणून दिली. असा तळलेला मासा कोकिळेने जन्मात पाहिला नव्हता. पण जाणाऱ्या माणसाची इच्छा आपल्या हातून राहिली, तर तो बोल उमरभर सरणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

शेजारची मंजुळाबाई कुंपणावरून डोकावली. "बुढीच्या तोंडात एक दात नाही, अन् कुरकुरीत पाह्यजे!"

"तुमचे द्या मंग उसने," कोकिळा म्हणाली.

दुसऱ्या खेपेला तुकडे चांगले निघाले. गरम राहावेत म्हणून तिने वर ताट झाकलं. आत नेईपर्यंत वाफेने ते लिबलिबीत झाले. केसरबाईने बोटाने दाबून पाहिलं. "वाजत नाही," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं.

कोकिळा चुलीपाशी येऊन रडली. रडून झाल्यावर विचार करू लागली. सगळा घोळ ओलाव्याचा होता. उरलेले तुकडे तिने जुन्या धोतराच्या फडक्याने टिपून घेतले, कोरड्या पिठात घोळले. बेसनात तांदळाचं पीठ घातलं, तिखट, मीठ, चिमूटभर सोडा आणि माठातलं गार पाणी. चुलीत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या सारून जाळ मोठा केला. पिठाचा थेंब तडतडत वर आला, तेव्हाच तुकडे सोडले. काढले ते चाळणीवर, उघडेच ठेवले.

केसरबाईने तुकड्यावर नख मारलं. टक्क वाजलं. कितीतरी दिवसांनी ती हसली.

"घ्या, आत्याबाई."

"त्याहीच्या आधी मी कधी जेवली का वं? पहिले त्याहीले दे."

"मी जेवलो ना," हिंमतराव भिंतीकडे पाहत म्हणाले.

"आठ दिवसांपासून जेवलो-जेवलो आयकून राह्यली मी. मले दिसत नाही म्हणून भाकर बैलाले जाते. भाकरीचा काही आवाज येत नाही. याचा येते. आयकू द्या मले."

कोकिळा गोंधळली. "पण आत्याबाई, भुसावळचा मासा तुम्ही..."

"मी काऊन जाऊ भुसावळले? खाल्ला त्याहीनं, अन् बावीस वर्षं मले सांगत राह्यले."

हिंमतरावांनी तुकडा उचलला. बराच वेळ तो तसाच धरून बसले. मग घरभर ऐकू आलं, कुडुम. केसरबाईने मान डोलावली. पुन्हा कुडुम. तिसऱ्या तुकड्याला त्यांनी मीठ अंमळ जास्त पडलं म्हणून सांगितलं, तेव्हा कोकिळेचा जीव भांड्यात पडला. तिने एक तुकडा फोडून आतला मऊ पांढरा घास सासूच्या तोंडात दिला.

"आता झालं," केसरबाई म्हणाली.

चौथ्या दिवशी, पौषातल्या सोमवारी, केसरबाई गेली. हिंमतराव तिच्यामागे अकरा वर्षं दोन्ही वेळ पोटभर जेवले आणि चौऱ्याहत्तरच्या वैशाखात गेले.