जपानी जनावराचे डोळे

सलग तिसऱ्या रविवारी हैबतराव रोह्याला निघाले, तेव्हा गुणाजीच्या डोक्यात शंकेचा किडा वळवळला.

पेणजवळच्या जोह्यात गुणाजीचा गणपतींचा कारखाना होता. मूर्ती कुणीही रंगवो, डोळे मात्र हैबतरावांनीच काढायचे. गेल्या दोन वर्षांत तर ते डोळे आणखीच बोलके झाले होते. डोळे काढताना खोलीचं दार बंद. दुसऱ्या कुणी आत पाऊल टाकायचं नाही, हा गुणाजीच्या बापाचा नियम. दिवा धरायला तेवढी हैबतरावांची बायको कृष्णाबाई आत असायची.

रोह्याला लागून असलेल्या वरशात दत्तात्रेयाने नवा कारखाना टाकला होता, आणि त्याला डोळे काढणारा माणूस हवा होता. हैबतराव तिकडे गेले तर गुणाजीचा धंदा बसलाच म्हणायचा.

विचारलं तर म्हणे, तंबूत जपानी सिनेमा लागलाय, अवाढव्य जनावराचा.

“त्यात एवढं काय बघता?”

“केवढं मोठं हाय ते,” हैबतराव म्हणाले आणि हसले.

नातवंडं खेळवायच्या वयात तोच सिनेमा तीनदा? गुणाजी काही दुधखुळा नव्हता. पेणला तो त्यांच्याच एसटीत मागे जाऊन बसला. पुढे कृष्णाबाईने नवऱ्याचा हात घट्ट धरला होता. या वयात हे लाड, असं त्याच्या मनात आलं.

रोह्यात उतरल्यावर दोघं वरशाच्या वाटेला वळलीच नाहीत. सरळ तंबूत शिरली आणि अगदी पडद्यापुढे जाऊन बसली. म्हणजे दत्तात्रेय इथेच भेटणार तर. गुणाजी तोंडावर टॉवेल ओढून त्यांच्या मागे टेकला.

समुद्रातून जनावर वर आलं. गुणाजीच्या कसबी नजरेने लगेच ओळखलं, आत माणूस आहे, पाठीवर शिवण दिसतेय, घरं प्लास्टरची आहेत. पण काय घरं होती! खिडक्यांना पडदे, रस्त्यावर विजेच्या ताराही. इतक्या निगुतीने उभं केलेलं शहर त्या जनावराने लाथेने उडवलं, तेव्हा तंबूभर शिट्ट्या वाजल्या. गुणाजी मात्र मोडलेल्या खिडक्यांकडेच बघत राहिला. तोही बुडवायच्याच मूर्ती घडवत होता. घटकाभर तो दत्तात्रेयाला विसरूनच गेला.

मग भानावर आला. सिनेमातलं बोलणं परक्या भाषेतलं, तंबूत कुणालाच कळत नव्हतं. आणि कृष्णाबाई मात्र नवऱ्याच्या कानाशी लागून सारखी कुजबुजत होती. काय शिजत होतं दोघांचं? गुणाजी श्वास रोखून पुढे झुकला.

पडदाभर जनावराचं तोंड आलं होतं.

“एवढं मोठं हाय, म्हणून सावलीवानी तरी दिसतं मला,” हैबतराव म्हणाले. “डोळे कसे हायत गो त्याचे?”

“बटबटीत,” कृष्णाबाई म्हणाली. “मी गणपतीला काढते तसे नायत.”