अकरातल्या पाच बिया

"यंदा सगळ्याच लावू," बाबा म्हणाले आणि त्यांनी डबी टेबलावर पालथी केली.

पाच बिया. बदामाहून मोठ्या, फिकट पिवळ्या. लेकीने पटकन हात आडवा धरला, नाहीतर एखादी घरंगळत कपाटाखाली गेलीच असती. चार दिवसांची रजा टाकून ती सकाळच्याच गाडीने आली होती. थंडी सरली की दर वर्षी ती अशी येते. भोपळ्यासाठी रजा म्हटलं तर ऑफिसात लोक हसतील, म्हणून अर्जात तब्येतीचं कारण लिहिते. कुणाची तब्येत, ते कुणी विचारत नाही.

बिया आईच्या. आईने परसात वाढवलेला भोपळा चौघांना हलला नव्हता. प्रदर्शनात त्याला तोलायला गोदामातला काटा आणावा लागला, एकशे ब्याऐंशी किलो भरला. आईने त्यातल्या शेकडो बियांमधून अकरा निवडल्या, उरलेल्या भाजून गल्लीत वाटल्या आणि पुढच्या वर्षी दोनशेच्या वर जाणार म्हणून जाहीर करून टाकलं. पुढचं वर्ष तिला मिळालं नाही.

मग बाबांनी अंथरूण धरलं. जेवण नाही, बोलणं नाही. डॉक्टर म्हणाले, शरीरात बिघाड काही नाही, पण जगायचं यांच्या मनातच नाही. पंधराव्या दिवशी लेकीने ही डबी त्यांच्या उशाशी ठेवली आणि म्हणाली, बिया लावायचे दिवस निघून चालले, आईला काय सांगायचं? बाबा उठून बसले.

तेव्हापासून दर वर्षी दोन बिया. आणि दर वर्षी काही नाही. मूळ नाही, कोंब नाही, रुजत घातलेल्या ओल्या कागदात नुसती कुजलेली टरफलं.

"तीन वर्षं भोपळा लावतोय आणि तीन वर्षं पदरात भोपळाच," बाबा म्हणाले. हसले, पण डबीवरच्या आईच्या अक्षरावरून अंगठा फिरवत राहिले.

माणूस मात्र हार मानणारा नव्हता. वर्षभर परसातल्या त्या एका खड्ड्यामागे लागलेला असायचा. पालापाचोळा गोळा करायला रोज मैलभर चालायचा, तबेलेवाल्याशी शेणासाठी हुज्जत घालायचा, माती चाळायचा. अंगावर जरा मांसही चढलं होतं.

लेक म्हणाली, दोनच लावू, तीन ठेवू. बाबा चिडले. म्हणाले, ठेवून ठेवून काय लोणचं घालणार आहेस? बिया म्हाताऱ्या होतायत, माझ्यासारख्या. ती म्हणाली, हातातली सगळी पानं एकदम टाकायची नसतात. बराच वेळ हे चाललं. शेवटी बाबांनी आवाज खाली आणला आणि दर वर्षीचं तेच बोलले.

"चिमणे, एकदा तिचा भोपळा काट्यावर चढलेला बघितला ना, की मी मोकळा. मग जातो आणि तिला वजन सांगतो."

बसची वेळ सांगावी इतक्या सहज म्हणाले. लेक पंचेचाळीस वर्षांची होती, पण त्यांच्यासाठी अजून चिमणीच. तिला त्यांचा पोस्टमन मित्र आठवला. नातीचं लग्न बघायचंय म्हणून तो दोन वर्षं तगला होता. लग्न झालं आणि आठवड्यात गेला. बाबा त्याच्याबद्दल नेहमी कौतुकानेच बोलायचे. काम संपवून गेला पठ्ठ्या, म्हणायचे.

"दोनच," ती म्हणाली.

"आईवर गेलीयेस," बाबा म्हणाले, आणि तिथे वाद मिटला.

मग निवड. एकेक बी कानाशी नेऊन हलवायची. आत खुळखुळली तर गर आटला समजायचं. उजेडात धरून तडा बघायचा. तळहातावर घेऊन वजनाचा अंदाज घ्यायचा. बाबांनी डोळे मिटून पाचही हातात खेळवल्या आणि हरले. चाळीस वर्षं कारखान्यात फिटर होते, बोटांना घट्टे पडून पडून स्पर्शच उरला नव्हता, आणि नजरही तशीच. निवडायचं काम लेकीकडे आलं. तिने सगळ्यांत भरदार दोन काढल्या, उरलेल्या डबीत टाकल्या. झाकण लावण्याआधी तिने डबी नाकाशी धरली. आईच्या कपाटाचा वास अजून येत होता. हा वेल परसभर पसरलेला आपल्याला एकदा, एकदाच बघायला मिळावा, असं तिला फार वाटलं.

आता घासणं. या जातीचं टरफल जाड, कडा जरा घासल्या की पाणी आत शिरतं. कानस बाबांचीच, बोटभर लांबीची. हात कापतात म्हणून तेही काम लेकीचं. तरी बाबांनी दर वर्षीसारखा धडा दिलाच: दोन्ही बाजूंच्या कडा हलक्या हाताने घासायच्या, निमुळत्या टोकाला मात्र शिवायचं नाही. मूळ तिथूनच फुटतं. टोक दुखावलं की बी गेली.

एवढं सांगून ते पाणी कोमट करायला आत गेले. कोपर बुडवून बघायचे, तान्ह्या मुलाच्या आंघोळीला बघतात तसं.

लेक खिडकीशी बसली. तिने एकीच्या कडा घासल्या, मग दुसरीच्या. बारीक भुगा तिच्या मांडीवर पडत होता. आतून भांड्याचा आवाज आला.

"टोक सांभाळलंस ना गं?"

"सांभाळलं, बाबा," ती म्हणाली, मनातल्या मनात आईची माफी मागितली, आणि गेली तीन वर्षं करत आली तसंच दोन्ही बियांची टोकं आतल्या गरापर्यंत घासून टाकली.