अर्धा तास

सकाळी ती बुटाची नाडी बांधत होती, तेवढ्यात लेक आडवी आली. "आई, माझी चित्रवही अपुरी आहे. आज नको ना जाऊस!"

नवऱ्यानं पांघरुणातूनच री ओढली. "एक दिवस नाही चाललीस तर काय आभाळ कोसळणार आहे? दिवसभर घरात नाचतेस, तो व्यायामच की."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबाही आईला हेच ऐकवत आले होते, अगदी आई जाईपर्यंत.

"मग आज तू नाच," ती म्हणाली. "डबे भर, आणि चित्रवहीकडेही बघ."

लेकीचे डोळे भरले. "तुला माझ्यापेक्षा चालणंच आवडतं!"

"मला चालणं अजिबात आवडत नाही."

"मग जातेस कशाला?"

तिनं दार धाडकन ओढून घेतलं.

गेल्या आठवड्यात आईचं स्वयंपाकघर आवरताना, कपाटाच्या दारावर चिकटवलेलं एक पिवळं पडलेलं वेळापत्रक तिनं सोलून काढलं होतं. ते तिच्याच शाळेतल्या परीक्षेचं होतं. आईनं ते स्वतःला मिळालेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच चिकटवलं होतं: 'हृदयावर ताण आहे. रोज अर्धा तास चालणे. टाळू नये.'