पुलावरची गाडी

"अहो, ते रूळ उपटू नका."

त्यानं मान वर केली. बायको वॉकरला धरून दारात उभी होती. जिन्यावरून पडल्यापासून ती या खोलीत पहिल्यांदाच येत होती. त्याच्या हातात पेचकस होता आणि टेबलावर अर्धं उखडलेलं स्टेशन.

"अडगळ आहे नुसती," तो म्हणाला. "तुला खोली मोकळी करून देतो. खिडकीशी खुर्ची टाकू."

"मला नको खोली. गाड्या परत सुरू करा. घर मुकं झालंय."

तो जन्मभर एका विमा कंपनीत कारकून होता. खऱ्या रेल्वेत त्यानं कधी झेंडासुद्धा हलवला नव्हता. तरी बिल्डिंगमध्ये सगळे त्याला स्टेशनमास्तर म्हणत. भिंतीपासून भिंतीपर्यंत प्लायवूड, त्यावर डोंगर, बोगदा, सिग्नल, बोटभर उंचीची माणसं. कुणी 'खेळणी' म्हटलं की त्याच्या कपाळावर आठी चढायची. एकदा गाड्या सुरू झाल्या की बाहेर जग बुडालं तरी त्याला पत्ता नसायचा.

निदान लोकांना तसं वाटायचं.

ती पडली त्या संध्याकाळी मालगाडी पुलावरच्या वळणावर होती. शेवटचा डबा तिथं हमखास घसरायचा. रूळ घासून, सांधे बदलून तो मेटाकुटीला आला होता. आणि त्या दिवशी डबा चक्क वळत होता. तेवढ्यात बाहेर धप्पकन आवाज झाला. मग बायकोची हाक. शब्द कळले नाहीत, पण आवाज तिचाच होता.

एवढी एक फेरी होऊ दे, असं म्हणून तो बसून राहिला.

फेरी पूर्ण झाल्यावर तो जिन्याशी गेला. खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. बायकोच्या अंगावर बाहेर जायचे कपडे होते. कोपऱ्यावरच्या दुकानात निघाली होती, असं ती नंतर म्हणाली.

"गाड्यांच्या आवाजात ऐकूच आलं नाही हो," तो शिंपीणबाईला म्हणाला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिला संशय आलाय, हे त्यानं तेव्हाच ओळखलं.

बायकोचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. त्यानं घराचा सगळा भार अंगावर घेतला. स्वयंपाक शिकला, तिला आंघोळ घालायला शिकला, वेणी घालायलाही शिकला. वेणी घालताना ती मान ताठ करून बसायची. दुखत असणार, असं समजून तो हात आणखी हलका करायचा.

"त्या दिवशी मला…" असं त्यानं बऱ्याचदा सुरू केलं होतं.

"त्या दिवसाचं नको," ती दर वेळी तोडायची.

मोठ्या मनाची बाई, असं त्याला वाटायचं आणि तो भरलेलं ताट बाजूला सारायचा.

चालायचा सराव करून घ्यायला शिंपीणबाई रोज दुपारी वर यायची. दोघी जिना उतरायच्या, चढायच्या.

"मी धरतो ना तुला," तो म्हणाला.

"तुम्ही नको. तुम्ही हात सोडतच नाही. अशानं मी चालायला कधी शिकणार?"

तिच्या आग्रहाखातर त्यानं पुन्हा रूळ बसवले. तिची फर्माईशही मोठी होती. जास्त डब्यांची गाडी हवी, लांब फेरी हवी. त्यानं रुळांखाली घालायला रबराच्या पट्ट्या आणल्या, म्हणजे आवाज दबेल आणि तिची हाक आली तर ऐकू येईल. तिनं त्या पाहिल्या आणि पटकन म्हणाली, "रबर नको. पूर्वीसारखा खडखडाट असू दे. मला त्याची सवय आहे."

त्यानं तोंड फिरवलं. डोळे पुसलेले तिला दिसायला नको होते.

रविवारी संध्याकाळी सगळं तयार झालं. आता ती वॉकर सोडून काठीवर चालत होती. त्यानं तिच्यासाठी खोलीत खुर्ची मांडली होती, पण ती बसली नाही.

"मी बाहेरूनच ऐकते. आज पूर्ण फेरी होऊ द्या हं. मधेच उठू नका." तिनं त्याच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला. "छान केलंत सगळं."

त्यानं बटण फिरवलं. इंजिन निघालं, डबे खडखडत मागे लागले. बोगदा आला, डोंगर गेला. गाडी पुलावर चढली आणि त्याला ती हाक आठवली. हे आता सहन होईना. आजच सांगून टाकायचं. जे बोलायचं ते बोलू दे तिला.

गाडी तशीच धावत ठेवून तो उठला. आयुष्यात पहिल्यांदाच.

बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. स्वयंपाकघरातही नव्हतं. दार नुसतं लोटलेलं होतं. कठड्याला धरत तो धडाधड जिना उतरला. पायऱ्या रिकाम्या होत्या. शिंपीणबाई आपल्या दारात उभी होती, गळ्यात टेप तशीच लोंबत होती.

"ताई, ही कुठंय? पडली का?"

"नाही भाऊ. व्यवस्थित उतरली."

"मग गेली कुठं?"

तिनं गळ्यातली टेप काढून गुंडाळायला घेतली. तो पायरीवर बसला. वरून गाडीचा खडखडाट ऐकू येत होता.

"ताई, मी खोटं बोललो होतो," तो म्हणाला. "त्या दिवशी तिची हाक मला ऐकू आली होती. तरी मी उठलो नाही. तेच सांगायचं होतं तिला."

शिंपीणबाईनं पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"ती हाक तुम्हाला नव्हती, भाऊ. मला होती. तुम्ही यायच्या आत तिची कपड्यांची बॅग मी उचलून घरात न्यावी म्हणून. तेव्हापासून माझ्याकडेच होती. आज घेऊन गेली."