आबांची वीट

विशाखा सकाळीच मेडिकल कॉलेजात पोचली, कारण आज तिच्या वडिलांच्या, आबांच्या रोख्याला तीस वर्षं पूर्ण झाली होती. रोखा परत केला की पैसे मिळणार, आणि विटेतला आबांचा आवाजही काढून घरी नेता येणार. मग वीट कायमची मुकी!

हे कॉलेज गावानंच रोखे घेऊन उभं केलं होतं. प्रत्येकानं ओल्या विटेपुढं नाव-गाव सांगायचं, की वीट ते धरून ठेवायची. सायकलवाल्या आबांना वाटलं, अजून सुरूच झालं नाही, म्हणून ते आपले लहानग्या विशाखावर खेकसले. तेवढंच विटेत बसलं! विटेतलं फोनात काही उतरत नाही, आणि आबा जाऊन आता सहा वर्षं झालेली.

ती विटेजवळ गेली, तर तिथं अ‍ॅप्रनवाल्या पोरांची ही रांग! पुढच्या पोरीनं वीट दाबली, तसा आतून आबांचा आवाज आला.

"विशे, आधी चप्पल घाल! खिळा घुसंल पायात!"

"घालते, आबा!" पोरगी ओरडली आणि पळाली.

"हे काय गं?" विशाखानं दुसरीला विचारलं.

"तोंडी परीक्षा आहे ना, मावशी. आबांची बोलणी खाल्ल्याशिवाय इथं कुणी आत जातच नाही. ती विशी कोण देव जाणे, पण नशीबवान!"

विशाखाला हसू आलं, रडूही आलं. ती तडक रोख्यांच्या खिडकीवर गेली. "दादा, मुदत वाढवा."

"मग आवाज अजून तीस वर्षं इथंच राहणार, ताई."

"राहू दे," म्हणत तिनं सही केली, आणि रांगेत सगळ्यांच्या मागं जाऊन उभी राहिली.