केळ्याचा वास

दादाच्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. त्याने लिहिलं होतं, "घरी केलेल्या बिअरला केळ्याचा वास येतोय. पिंप तापत असावं. किती अंशांवर आंबवायची, ते तुझ्या पुस्तकांत बघून कळव."

मी बघितलं. एक पुस्तक अठरा म्हणत होतं, दुसरं वीस. तिसऱ्यात होतं की खोलीचं तापमान धरूच नका, आंबताना पिंप आतूनच तापतं. चुकीचं कळवलं तर पिंपभर बिअर वाया जायची, म्हणून मी चौथं पुस्तक मागवलं.

उन्हाळा सरला तेव्हा वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, अजून वाचताय?"

"बिअर बिघडली का?"

"कसली बिघडतेय! ओला टॉवेल गुंडाळून पंख्याखाली ठेवतात. त्यांना सगळं ठाऊक आहे हो. पण 'घरी ये' म्हणून लिहिलं की तुम्ही गप्प बसता. पुस्तकातलं विचारलं तर निदान उत्तर द्याल, असं वाटलं त्यांना. रोज टपालाची वाट बघतात."

मी कार्ड लिहिलं : "दादा, पुस्तकांचं एकमत होत नाही. चव घेतल्याशिवाय सांगता येणार नाही. रविवारी येतो."

आणि पुन्हा न वाचता पेटीत टाकलं.