निर्दोष शेगडी

पोशीरला एकट्या राहणाऱ्या धोंडूबाईंच्या घरातली चूल काढून तिथे शेणाच्या गॅसची शेगडी बसवली, त्याला आता पावसाळा उलटला होता. आपल्या संशोधनाचा परिणाम पाहायला प्राध्यापक चौबळ स्वतः आले.

"खोकला कसा आहे, आजी?"

"पार गेला."

"डोळ्यांची आग?"

"नाय. भांडीबी काळी होत नाय. शेगडी लई गुणाची हाय रं तुझी. पण आजच काढून ने, बाबा."

इतका निर्दोष निकाल चौबळांना दुसऱ्या कोणत्याच घरात मिळाला नव्हता. ते चकित झाले.

"का हो? कोणी काही बोललं का?"

 

"बोलायला येतंय कोण? शेजारची विमल रोज सकाळी चुलीतला विस्तव न्यायला यायची, घडीभर टेकायची. आता माझ्याकडं विस्तवच नसतो."